कॅन्सरची गोळी घरात असेल तर: कोणता त्रास काढता येतो, कोणत्यासाठी धावायचं

गेल्या रमजानचा दुसरा अशरा संपत आला होता. आलापल्लीहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोरगा आता सव्वीस वर्षांचा आहे, वडिलांबरोबर सागवानी फर्निचरचं काम करतो. आवाज घाबरलेला. "सर, अब्बूंनी गोळी बंद केली. तीन हप्ते झाले, कोणालाच सांगितलं नाही. आज अम्मीला कपाटात भरलेल्या पट्ट्या सापडल्या."

गोळी होती इमॅटिनिब. रक्ताच्या एका कॅन्सरवरची, रोज एक, ४०० मिलीग्रॅम. दोन वर्षांपासून चालू होती आणि रिपोर्ट चांगले येत होते. मग बंद का केली? सकाळी उठलं की डोळ्यांखाली पिशव्यांसारखी सूज यायची. मशिदीत लोक विचारायचे, "चाचा, तबियत ठीक आहे ना?" कोणीतरी सांगितलं की चेहरा सुजणं म्हणजे किडनी गेली. त्यात सहरीला घाईघाईत, अर्ध्या पोळीवर गोळी घ्यायचे आणि दिवसभर मळमळायचं. माणूस मुळात अबोल. घरच्यांना खर्चात आणि काळजीत घालण्यापेक्षा गुपचूप गोळी सोडली. अंगात काही त्रासही जाणवला नाही, उलट मळमळ थांबली, म्हणून बरंच वाटलं.

नागपूरला नेऊन तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या होत्या. गोळी लगेच पुन्हा सुरू झाली, वेळ बदलली, मळमळीसाठी वेगळं औषध मिळालं. किडनीला काहीही झालं नव्हतं. ती सूज याच गोळीची होती आणि ती धोक्याची नव्हती. ही एवढीशी गोष्ट घरात कोणाला माहीत असती तर तीन हप्ते वाया गेले नसते.

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण आमच्या स्वतःच्या घरात, बल्लारपूरच्या फुफींना, हीच गोळी नऊ वर्षांपासून चालू आहे. डब्यातला बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद आम्ही कितीदा भिंग घेऊन वाचला आणि न कळलेलं डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून जे कळलं ते आपल्या घरांसाठी इथे मांडतो आहोत. हे वाचून कोणी गोळीचं प्रमाण बदलू नये आणि गोळी बंद तर मुळीच करू नये. डॉक्टर अडीचशे किलोमीटरवर असले की रोजचं लक्ष घरालाच ठेवावं लागतं, तेवढ्यासाठी हा लेख.

गोळी काय करते

आपल्या भागात कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खर्रा आणि तोंड येतं. हा आजार तो नव्हे. याचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टर सीएमएल म्हणतात. खर्रा न खाणाऱ्यालाही होतो, आईवडिलांकडून येत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढते, थकवा येतो, वजन घटतं. चंद्रपूर-गडचिरोलीत पानथरी वाढली की आधी मलेरिया आठवतो, मग सिकलसेल, आणि त्या नादात कधी कधी महिने जातात. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी हजारांऐवजी लाखांत दिसल्या की खरा संशय येतो.

पेशीच्या आत गुणसूत्रं असतात. या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. हा बिघाड अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९६० मध्ये पहिल्यांदा दिसला, म्हणून त्या गुणसूत्राला फिलाडेल्फिया क्रोमोझोम म्हणतात. जेनेट रोली या बाईंनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की ही तुकड्यांची अदलाबदल आहे. त्यातून एक चुकीचं प्रथिन तयार होतं. वर्गात आम्ही मुलांना सांगतो तसं सांगायचं तर मोटर पंपाचं बटन चालू स्थितीत अडकलं आहे, टाकी भरली तरी पंप थांबत नाही. पांढऱ्या पेशी बनतच राहतात. इमॅटिनिब त्या अडकलेल्या बटनात नेमकी जाऊन बसते आणि पंप थांबवते. म्हणून या औषधांना टार्गेटेड, म्हणजे नेम धरून मारणारी औषधं म्हणतात. सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या किमोसारखे केस सगळे गळत नाहीत आणि बहुतेक माणसं कामधंदा करत राहतात. पोटाच्या जीआयएसटी नावाच्या गाठीवरही हीच गोळी देतात.

अमेरिकेत या गोळीला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांचा पाठपुरावा पुढे दहा वर्षांहून जास्त झाला, तेव्हा दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८३ जण हयात असल्याचा अंदाज निघाला. पूर्वी हाच आजार बहुतेकांना काही वर्षांत घेऊन जायचा.

पण बटनावरचं बोट काढलं की पंप पुन्हा सुरू होतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना एक खास झाकण लावलं. बाटली कधी उघडली याची त्यात नोंद व्हायची. २०१० मध्ये निकाल छापून आले. ज्यांनी नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांचा आजार खोलवर दबला होता. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात तिघांमागे एकालाही ते साधलं नव्हतं. महिन्याच्या तीस गोळ्यांचे दहा टक्के म्हणजे तीन गोळ्या. लग्नाला गेलो, डबी घरी राहिली. नागपूरची चक्कर चार दिवस पुढे ढकलली. झाल्या तीन.

काढता येणारे त्रास

सकाळची डोळ्यांभोवतीची सूज सगळ्यात जास्त दिसते. दिवस चढला की उतरते. मीठ कमी करणं, रात्रीचं लोणचं-पापड सोडणं, उशी थोडी उंच घेणं, एवढ्याने फुफींचं भागलं. पायांवरही सूज येते. आपल्याकडे पाय सुजला की शेजारीपाजारी हत्तीरोगाचं नाव घेतात, त्याने घाबरून जाऊ नये, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना पाय जरूर दाखवावा. घरात वजनकाटा असेल तर दर जुम्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहावं. याचा उपयोग पुढे सांगतो.

मळमळ बहुधा रिकाम्या पोटी घेतल्यामुळे होते. इमॅटिनिब दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गिळता येत नसेल तर ग्लासभर पाण्यात विरघळू द्यावी, ढवळावी आणि लगेच प्यावी. कुटून पूड करू नये. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

पोटऱ्यांत आणि हाताच्या बोटांत गोळे येतात, विशेषतः रात्री. सुतारकाम, शिवणकाम करणाऱ्यांना हा त्रास फार जाणवतो. पाणी वाढवणं आणि ताण देऊन स्नायू मोकळे करणं याने फरक पडतो. कॅल्शियम किंवा आणखी काही लागेल का ते डॉक्टर रक्त बघून ठरवतात. गावच्या दवाखान्यात जाऊन दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेण्याची सवय मात्र इथे अंगलट येऊ शकते, कारण या गोळीने रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात आणि काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

जुलाब, अंगावर बारीक पुरळ, थकवा हेही होतं. बऱ्याच जणांचे हे त्रास काही महिन्यांत कमी होतात. सगळ्यांचेच जातात असं नाही. फुफींचे गोळे नऊ वर्षांनंतरही आहेत.

आणि एक गंमत. या गोळीने सावळ्या माणसाची कातडी उजळते. आमच्या फुफींना एका लग्नात तिघी-चौघींनी क्रीमचं नाव विचारलं! कुठे कुठे हा उजळपणा चट्ट्यांसारखा येतो आणि घरचे कोड समजून घाबरतात. ते कोड नसतं, औषधाने रंगद्रव्य कमी होतं म्हणून तसं दिसतं. उन्हाने मात्र अशी त्वचा लवकर भाजते. डोक्यावर ओढणी, रुमाल किंवा छत्री हवी.

ज्यासाठी थांबायचं नाही

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी तपासणी. गडचिरोलीत तापाला मलेरिया समजून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, ते बरोबरच आहे, पण या रुग्णाची सीबीसीसुद्धा त्याच दिवशी व्हायला हवी. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या असतील तर साधा ताप काही तासांत गंभीर होतो. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "हे रक्ताच्या कॅन्सरची गोळी घेतात."

काळी डांबरासारखी शौच, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, न लागता अंगावर उठलेले निळे डाग, डोळ्यांत पिवळेपणा आणि गडद लघवी, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं, चालताना नाही तर पडल्यावर धाप लागणं, छातीत दुखणं. यांतलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जिल्हा रुग्णालय गाठा.

वहीतलं वजन इथे कामाला येतं. आठवड्यात दोन-तीन किलो वाढलं तर ते जेवणाने वाढलेलं नसतं, शरीरात पाणी साठलेलं असतं. ते फुफ्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साठलं तर माणूस गुदमरतो. नुसता सुजलेला चेहरा आणि ही सूज यांतला फरक घरच्या घरी कळायला काट्यासारखं दुसरं साधन नाही.

सुरुवातीच्या महिन्यात सीबीसी वारंवार होते, मग अंतर वाढत जातं. यकृताची तपासणीही होते. गोळी सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्या, कारण शरीरात दबून बसलेली ती कावीळ अशा औषधांनी उसळू शकते. आणि दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल नावाची तपासणी असते. तिचा आकडा तीन महिन्यांनंतर १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनंतर १ च्या आत आणि वर्षानंतर ०.१ च्या आत यावा अशी अपेक्षा असते. महागडी म्हणून लोक हीच तपासणी टाळतात. पण सीबीसी चांगली दिसत असतानाही आतून आजार डोकं वर काढतो आहे का, ते हीच सांगते.

इतर औषधांशी भांडण

आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हे, कारण आपल्या जिल्ह्यांत याचा धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे.

टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं. त्याने लघवी लालसर होते, बऱ्याच जणांना ओळखीचं आहे. हे औषध चालू असलं की यकृत इमॅटिनिबला इतक्या भराभर मोडतं की रक्तात तिचं प्रमाण जवळपास पाऊणाने घटतं. म्हणजे माणूस रोज इमानदारीने ४०० ची गोळी घेतो आणि शरीराला मिळते शंभराच्या आसपास. कुष्ठरोगाच्या उपचारातही रिफॅम्पिसिन आहे. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग हा शब्द चंद्रपूरला नवा नाही, आणि आजही आपल्याकडे रुग्ण सापडला की घरच्यांना व शेजाऱ्यांना बचावासाठी रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. देणाऱ्या ताईंचं काहीच चुकत नाही, त्यांना ठाऊकच नसतं की घरात कॅन्सरची गोळी चालू आहे. आपण सांगायचं. टीबी झालाच तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवायचे. मार्ग निघतो, पण तो त्यांनी काढायचा.

उलट बाजूला गजकर्णाची औषधं. मांड्यांत, काखेत खाज सुटली की मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय आणणारे आपल्यात कमी नाहीत. या कॅप्सूलने इमॅटिनिब शरीरात साठत जाते आणि त्रास वाढतात. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही तसंच. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आधीच सांगायला हवं. बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचाही असर बदलतो. तापाला पॅरासिटामॉल मनाने दिवसभर खात राहू नये, यकृतावर दोन्हींचा भार पडतो. किती चालेल ते विचारून घ्या.

ग्रेपफ्रूट आणि त्याच भावकीतलं पपनस टाळायला सांगतात. कोणीतरी हे ऐकून फुफींची संत्री बंद केली होती. नागपुरी संत्र्याला ही मनाई नाही.

आता जडीबुटी. जंगलाच्या जिल्ह्यात राहून हे लिहिणं अवघड आहे, पण लिहावं लागेल. कलौंजीबद्दल आपल्या मनात जो आदर आहे तो तसाच राहो. भाजीत, लोणच्यात पडते तेवढ्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. पण रोज चमचाभर तेल, काढे, गावच्या वैदूची मुळी, पाकिटावर काहीही न लिहिलेलं हकिमी चूर्ण हे सगळं डॉक्टरांपुढे ठेवा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापून आणलं. त्यावर वादही झाला. मात्र ज्याच्या यकृतावर आधीच रोजच्या गोळीचं काम आहे, त्याने हा प्रयोग करून बघू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक टार्गेटेड गोळीचे नियम सारखे नसतात, हेही लक्षात असू द्या. इमॅटिनिब जेवणाबरोबर. तिच्या पुढची निलोटिनिब मात्र रिकाम्या पोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ती घेणाऱ्याने क्लोरोक्विनसारखं मलेरियाचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नये. डसाटिनिब घेणाऱ्याने ॲसिडिटीची गोळी मनाने घेतली तर डसाटिनिब अंगाला लागतच नाही. शेजारच्या पेशंटने सांगितलेली पद्धत आपल्याला लागू पडेलच असं नाही.

रोज्याचं काय?

हा प्रश्न आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारला जातो आणि डॉक्टरांना विचारायचा राहून जातो. आजारी माणसाला रोज्यातून मुभा आहे, सूरह बकरामध्ये ती स्पष्ट दिली आहे. तरीही ज्यांचा आजार काबूत आहे, पेशी ठीक आहेत, त्यांना रोजा ठेवावासा वाटतो. ती तळमळ आम्ही समजू शकतो.

इमॅटिनिब दिवसातून एकदा असेल तर वेळ जुळवता येते. इफ्तारला खजूर-पाणी, मगरिबनंतर पोटभर जेवण, आणि त्या जेवणाबरोबर गोळी. त्यानंतर झोपेपर्यंत भरपूर पाणी पिता येतं. सहरीला घेतली तर पाणी कमी पडतं आणि मळमळ दिवसभर छळते. आलापल्लीच्या चाचांचं तेच झालं होतं. दिवसातून दोनदा गोळी असेल, सुरुवातीचे महिने असतील, उलट्या-जुलाब चालू असतील किंवा पेशी कमी असतील तर रोज्याचा हट्ट नको. रमजान उन्हाळ्यात आला तर चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे असतो. जुलाब होणारं शरीर त्यात किती वेळात कोरडं पडेल याचा नेम नाही.

रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना सरळ विचारा. आपले बहुतेक डॉक्टर वेळ बदलून द्यायला तयार असतात. त्यांना विचारलंच नाही तर ते काय सांगणार? मसल्याबद्दल शंका असेल तर आपल्या आलिमसाहेबांना डॉक्टरांचं म्हणणं सांगून विचारा. उलटीत गोळी पडली किंवा एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. नेहमीचीच एक घ्यावी.

लपवलेली गोळी

एका घरातली गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. मुलीला कॉलेजात असताना सीएमएल झाला. गोळीने ती ठणठणीत होती. स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी आजार लपवला. सासरी ती गोळ्या मसाल्याच्या डब्यात ठेवून चोरून घ्यायची, पाहुणे असले की चुकायची. चौथ्या महिन्यात दिवस गेले. कोणाला काय सांगावं कळेना. मैत्रिणीने तिला डॉक्टरांकडे नेलं तोवर दोन महिने उलटले होते.

इमॅटिनिबने पोटातल्या बाळात दोष येऊ शकतात. गोळी चालू असताना गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते, आणि राहिलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा लागतो. मनाने गोळी सोडायचीही नाही आणि लपवून घेत राहायचंही नाही. याच गोळीवर बाळाला दूध पाजू नये. मूल हवं असेल तर आजार खोलवर दबल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरवून मार्ग काढता येतो आणि अशा बाया आई झाल्या आहेत. पण त्यासाठी नवऱ्याला माहीत असावं लागतं. निकाहाच्या वेळी खरं सांगितल्याने एखादं स्थळ जाईल. त्या मुलीच्या वाट्याला जे आलं त्यापेक्षा ते परवडलं असतं, हे तिच्या आईनेच आम्हाला सांगितलं.

पुरुषांनी मूल होण्याचा विचार असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घालावा. लहान मुलांना ही गोळी असेल तर उंची नियमित मोजून घ्यावी, कारण वाढ मंदावू शकते.

गोळी इतकी स्वस्त कशी झाली

एकेकाळी मूळ कंपनीच्या ग्लिवेकची किंमत महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होती, तर भारतीय कंपन्यांची तीच औषधी ८-१० हजारांत मिळायची. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला आणि भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचा दावा नाकारला. औषधाचं रूप थोडं बदललं एवढ्याने नवं पेटंट मिळत नाही, असा त्याचा अर्थ. कंपनीने त्या काळात मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो भारतीय रुग्णांना मोफत ग्लिवेक दिली, हेही खरं आहे.

आज इमॅटिनिब देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जन औषधी केंद्रांच्या यादीतही आहे, मात्र प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, चार दिवस आधी मागवून ठेवावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन १५५३८८. नागपूरला मेडिकल आणि तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, वर्ध्याकडे सेवाग्राम, ही ठिकाणं आपल्या लोकांच्या पायाखालची आहेत. सिरोंचाची माणसं गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. त्यांनी दोन्हीकडचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवावेत.

गोळी फुकट मिळाली तरी गाडीभाडं आणि तपासणीचे पैसे उरतातच. आपल्या जकात कमिट्यांनी शिष्यवृत्तीबरोबर याचाही विचार करावा, असं आम्ही दोन-तीन ठिकाणी बोललो आहोत.

कंपनी बदलली तर घाबरू नका, पण आकडा वाचा. आमच्या ओळखीत एका मेडिकलवाल्याने १०० च्या चार कॅप्सूलऐवजी ४०० ची एक गोळी दिली. दिली ती बरोबर दिली, सांगितलं मात्र नाही. घरच्यांनी नेहमीप्रमाणे चार दिल्या. सोळाशे मिलीग्रॅम! दुसऱ्याच दिवशी लेकीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर गोळीच्या रूपात मागा, मिळते.

ठेवायची कुठे? ३० अंशांच्या आत, कोरड्या जागी. मे महिन्यात चंद्रपुरात पत्र्याच्या घरात अशी जागा शोधावी लागते. फुफी माठाच्या बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात. माठाला चिकटून नाही, कारण ओल लागते. स्वयंपाकघरात चुलीजवळ, खिडकीत, एसटीच्या टपावरच्या बॅगेत किंवा उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत नाही. पट्टीतून काढून पुडीत बांधू नये. नातवंडांचा हात पोहोचू नये.

काही रुग्णांची गोळी अनेक वर्षांनी डॉक्टर स्वतः थांबवून बघतात, हे खरं आहे. आजार कित्येक वर्षं खोलवर दबलेला असेल तरच, आणि त्यानंतर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करूनच. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. मोबाइलवर असा एखादा व्हिडिओ आला तर तो बघून ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आलापल्लीला चाचांच्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री जेवणानंतर पेन्सिलची खूण होते. खूण अम्मी करतात, चाचांवर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. पाकिटात एक चिठ्ठी आहे, मुलाने आम्हाला विचारून लिहिलेली: आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि आकडा, नागपूरच्या डॉक्टरांचा फोन, "रिफॅम्पिसिन, इट्राकोनॅझोल देण्याआधी विचारा", आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख. मराठीत एका बाजूला, इंग्रजीत दुसऱ्या.